बॅग विकणाऱ्याने कडीही पाहावी

श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावातही आता घरी पंचिंग बॅग टांगून सराव करणारी मुले दिसू लागली आहेत. कोणाला पोलीस भरतीची तयारी करायची असते, कोणाला फौजेत जायचे असते, कोणाला नुसते अंग कमवायचे असते. मुलीही यात मागे नाहीत. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ साली पोलंडमध्ये युवा जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले, पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२ साली स्पेनमध्ये तेच केले आणि आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबादची निखत जरीन २०२२ व २०२३ अशी दोन वर्षे जगज्जेती ठरली. अशा बातम्या घरात वाचल्या जातात आणि मग एखादी मुलगी वडिलांकडे बॅग मागते. गावात मुलींसाठी व्यायामशाळा नसेल तर घर हीच तिची तालीम.

हे सर्व चांगलेच आहे. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु या पानावर आपण व्यापाराचा विचार करतो, म्हणून प्रश्न वेगळा मांडतो. ३५-४० किलोची वस्तू माणसांच्या डोक्यावरच्या छताला टांगली जाते आणि तिच्यावर रोज शेकडो ठोसे पडतात. ती विकणाऱ्याची जबाबदारी कुठे संपते? बॅग गिऱ्हाइकाच्या हातात दिली की संपते, की ती कडीला नीट टांगली गेल्यावर संपते? माझे मत स्पष्ट आहे. ती कडीपाशी संपते. या मताला मी कसा आलो ते आधी सांगतो, कारण त्यात माझीही चूक आहे.

भाच्याची बॅग

माझा भाचा १७ वर्षांचा. भरतीसाठी रोज पहाटे पळायला जातो. त्याने बाहेरून एक बॅग मागवली. ती रिकामीच आली. या धंद्यात बॅगा बहुधा रिकाम्याच पाठवतात, कारण भरलेल्या बॅगेचे वाहतूक भाडे कोणाला परवडणार? बॅग घेऊन तो माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "मामू, भरायला कतरण द्या."

मी खूश झालो. पोरगे मेहनत करते आहे, आपण हातभार लावावा. मी स्वतः बसून कतरण निवडली. होजियरीची वेगळी, सुती वेगळी, पॉलिस्टरची वेगळी. बटणे, चेन, हूक काढून टाकले. काट्यावर तोलून ३५ किलो माल दिला आणि पैसे घेतले नाहीत. बॅगेचे कापड पाहिले, शिवण पाहिली, उंची विचारली. फक्त एक गोष्ट विचारली नाही. ही टांगणार कुठे?

त्याने ती मधल्या खोलीत पंख्याच्या हुकाला टांगली. पंखा काढून ठेवला. घराचा स्लॅब तीसेक वर्षांचा. आठ दिवस सर्व ठीक चालले. नवव्या दिवशी सकाळी बॅग हुकासह खाली आली आणि तिच्याबरोबर काँक्रीटचा परातीएवढा पोपडा. बॅगेच्या खालीच त्याच्या धाकट्या बहिणीची खाट असते. ती दोन मिनिटांपूर्वी उठून पाणी प्यायला गेली होती. खाटेची नवार फाटली आणि एक पाय वाकला. कोणाला इजा झाली नाही, एवढीच मेहेरबानी.

मी धावत गेलो. बहीण रागावली नाही. तिने शांतपणे विचारले, "भाईजान, तुम्ही चादर विकताना पलंगाचे माप विचारता. मग हे कसे विचारले नाही?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आजही नाही. पण त्या दिवसापासून मी या विषयाची माहिती काढत गेलो. मिस्त्री, वेल्डर, शिलाईवाले आणि तालमीतले वस्ताद यांच्याशी बोललो. त्यातून जे समजले ते व्यापारी बंधूंसमोर ठेवतो.

कतरणीचा हिशेब

प्रथम बॅगेकडे पाहू. सर्वसाधारण मोठी बॅग ४ फूट उंच आणि १४ इंच व्यासाची असते. तिच्यात सुमारे १२० लिटर जागा होते. ही जागा कापडाच्या कतरणीने दाबून भरली तर वजन साधारण ३० ते ४० किलोच्या घरात जाते. मुष्टियुद्ध शिकवणारे एक ढोबळ माप सांगतात की बॅगेचे वजन मारणाऱ्याच्या वजनाच्या निम्मे असावे. ७० किलोच्या माणसाला ३५ किलोची बॅग पुरते. म्हणजे कतरणीची बॅग आपोआपच योग्य वजनाला येते.

आता तीच बॅग कोणी वाळूने भरली तर काय होईल? कोरडी वाळू लिटरला सुमारे दीड किलोहून थोडी जास्त भरते. १२० लिटरची बॅग १८० किलोच्या वर जाईल. जवळजवळ दोन क्विंटल! असे वजन घराच्या छताला कोणी टांगू नये. शिवाय वाळू खाली बसून दगडासारखी होते आणि मुलाचे मनगट दुखावते. तरीही "वजनदार बॅग म्हणजे चांगली बॅग" अशा समजुतीने पोरे वाळू भरतात. भुशाचेही तसेच. भुसा ओल धरतो, त्याचे गठ्ठे होतात, आणि उंदीर येतात ते वेगळेच.

तेव्हा भरण कापडाचीच हवी. भरताना हातभर थर टाकावा आणि घरातल्या मुसळाने चेपावा, मग दुसरा थर. गाठी मारलेल्या चिंध्या टाकू नयेत. ओली कतरण तर मुळीच नको, कारण ती आतून कुजते. काही दिवसांनी भरण खाली बसते, तळ कडक होतो आणि वरचा भाग पोकळ. म्हणून पहिल्या काही महिन्यांत महिन्यातून एकदा बॅग उतरवावी, वरून आणखी कतरण भरावी आणि जमल्यास माल काढून पुन्हा फुलवून घालावा.

येथे एक कडू गोष्ट सांगतो. कतरण वजनावर विकली जाते. वजन वाढवण्यासाठी तिच्यात धूळ आणि ओल ठेवणारे आमच्याच धंद्यात आहेत. गादीत गेली तर एक वेळ चालून जाते. पण बॅगेच्या भरणीत खडा, हूक किंवा चेनचा तुकडा निघाला तर तो मुलाच्या हाताला लागतो. माप आणि माल दोन्ही साफ ठेवणे हे दुकानदाराचे इमान आहे.

शिलाई कोणाची

पंचिंग बॅग ही लोकांना खेळाच्या सामानाची वस्तू वाटते. आपल्या देशात खेळाच्या सामानाचा धंदा मुख्यतः जालंधर आणि मेरठ येथे आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तो तेथे वाढवला. त्यांच्या मालाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण बॅग उलटून पाहिली तर ती मुळात कापडाचीच वस्तू आहे. जाड कॅनव्हास, नवार, दोरा आणि कतरण. यातले काय आपल्याकडे मिळत नाही?

हिशेब करून पाहा. १४ इंच व्यासाच्या बॅगेचा घेर सुमारे ४४ इंच भरतो. ३६ इंच पन्ह्याच्या कापडात तो बसत नाही, दोन तुकडे जोडावे लागतात आणि एक उभी शिवण वाढते. ५८ इंच पन्ह्याचा कॅनव्हास घेतला तर एकाच शिवणीत काम होते. ४ फूट उंची, वर-खाली दुमड आणि तळाचा गोल धरून पावणेदोन मीटर कापड लागते. दुहेरी करायची असेल तर साडेतीन मीटर. आणि ती दुहेरीच करावी.

खरी मेख पट्ट्यांत आहे. पुष्कळ स्वस्त बॅगांना वरच्या काठावर नुसत्या रिंगा ठोकलेल्या असतात. सगळे वजन त्या काठाच्या कापडावर येते आणि एक दिवस काठ फाटतो. त्याऐवजी जाड नवारीच्या चार पट्ट्या वरच्या कडीपासून अंगावरून उतरून तळाखालून दुसऱ्या बाजूला न्याव्यात. मग वजन पट्ट्या पेलतात आणि कापड फक्त भरण धरून ठेवते. ओझे उचलणारा हमाल दोर पोत्याच्या तोंडाला बांधत नाही, पोत्याखालून घेतो. तेच हे शास्त्र.

घरगुती शिलाई यंत्रावर हे काम होणार नाही. ताडपत्री शिवणारा, गाड्यांच्या सीटचे कव्हर शिवणारा किंवा चामड्याचे काम करणारा कारागीर हवा. असे कारागीर तालुक्याच्या गावात असतातच. त्यांना सीझनबाहेरच्या दिवसांत काम हवेच असते. हाताला गुंडाळायच्या पट्ट्याही कापडाच्याच. २ इंच रुंद आणि सुमारे साडेचार मीटर लांब सुती पट्टी प्रत्येक हाताला लागते. ती न बांधता उघड्या मुठीने बॅगेवर ठोसे मारू नयेत. बॅगेबरोबर पट्टीचा एक जोड देणे हा शहाणपणाचा व्यापार आहे.

कडीवर किती भार येतो

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या घरांत वस्तू टांगण्याची रीत जुनी आहे. पाळणा टांगतो, झोपाळा टांगतो, शिंके टांगायचो. आडत दुकानात मोठा काटा तुळईला टांगलेला असे आणि त्यावर पोत्यामागून पोती तोलली जात. म्हणून लोकांना वाटते, काटा राहिला, पाळणा राहिला, तर बॅग का राहणार नाही?

फरक असा की काट्यावरचे पोते स्थिर असते. पाळण्यात वजन थोडे असते. बॅगेला मात्र मार बसतो आणि ती झुलते. झुलणारी वस्तू आपल्या वजनाहून जास्त ओढ देते. ४० किलोची बॅग सरळ रेषेपासून ६० अंशांपर्यंत वर गेली, तर परत खाली येताना मधल्या क्षणी कडीवर ८० किलोची ओढ बसते. म्हणजे दुप्पट. खालून वर ठोसा बसून बॅग क्षणभर उचलली गेली आणि साखळी सैल होऊन पुन्हा ताणली गेली, तर तो झटका आणखी मोठा. असा झटका दिवसातून किती वेळा बसतो ते तुम्हीच मोजा. लोखंड एका झटक्याने तुटत नाही, झिजून तुटते. काँक्रीट एका दिवसात सुटत नाही, रोज थोडे थोडे भेगाळते. भाच्याची बॅग पहिल्या दिवशी पडली नाही, नवव्या दिवशी पडली, त्याचे कारण हेच.

आता पंख्याच्या हुकाचे पाहा. घरातल्या साध्या पंख्याचे वजन ४ ते ६ किलो. हुक त्याच्यासाठी ठेवलेला. त्याला ४० किलोची बॅग लावणे म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर उसाची मोळी लादून शर्यत लावणे. शिवाय हुकाजवळूनच विजेची तार गेलेली असते.

अनुभवी माणसे सांगतात की टांगण्याची प्रत्येक वस्तू, म्हणजे कडी, साखळी, बोल्ट, ही बॅगेच्या वजनाच्या निदान चार-पाच पट पेलणारी असावी. ४० किलोच्या बॅगेला २०० किलोचा हिशेब धरावा. हा खर्च वायफळ नाही. काट्याची साखळी कोणी मालाच्या वजनाएवढीच घेतो काय?

आपली घरे, आपली छते

बॅगेबरोबर कागद आला तर तो बहुधा इंग्रजीत असतो आणि त्यात परदेशातल्या लाकडी छतांची चित्रे असतात. आपल्याकडची घरे वेगळी. म्हणून घराप्रमाणे सांगतो.

जुने माळवदाचे घर असेल तर तुळईला भोक पाडू नये. आधी वाळवी लागली आहे का ते पाहावे. टोचणीने टोचून लाकूड भुसभुशीत लागले तर तेथेच थांबावे. तुळई निरोगी असेल तर तिला गोणपाट किंवा जुने टायर गुंडाळून त्यावरून जाड पट्टा किंवा साखळी घ्यावी, तीही भिंतीच्या जवळ, मध्यावर नव्हे. तरीही झटक्यांनी माळवदाची माती झिरपते आणि लाकडाचे सांधे हलतात. माझा सल्ला असा की अशा घरात बॅग आत टांगूच नये.

पत्र्याचे घर असेल तर पत्रा ज्यावर टेकतो त्या पातळ पाइपांना किंवा पट्ट्यांना बॅग लावू नये. ते पत्र्याचे वजन आणि वारा यांसाठी असतात. छत घरासहित हलू लागते.

स्लॅबचे घर असेल तर प्रथम बीम शोधावा, कारण बीम हा छताचा सर्वांत बळकट भाग. त्यालाही सळई चुकवून भोक पाडावे लागते, म्हणून जाणता मिस्त्री हवा. फक्त स्लॅबच उपलब्ध असेल तर चार बोल्टची लोखंडी प्लेट घ्यावी. बोल्ट प्लास्टरमध्ये नव्हे, काँक्रीटमध्ये रुतले पाहिजेत. स्लॅब बहुधा ४ ते ५ इंचच जाड असतो, त्यात प्लास्टरवर भरवसा ठेवणे म्हणजे रंगावर भरवसा ठेवणे. पोपडे आलेला, सळई दिसू लागलेला किंवा गळणारा स्लॅब असेल तर त्याला हात लावू नये.

ज्यांचे घर सध्या बांधून होत आहे त्यांनी मात्र ही संधी दवडू नये. स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी मिस्त्रीला सांगून १२ मिलिमीटरच्या सळईची कडी वाकवून घ्यावी. तिचे दोन्ही पाय स्लॅबच्या जाळीवरून नेऊन बांधावेत. हातभर सळई आणि थोडी मजुरी, एवढाच खर्च. झोपाळ्यासाठी लोक अशी कडी ठेवतातच. एक कडी आणखी ठेवा.

आणि ज्यांच्या घरी यांपैकी काहीच शक्य नाही, त्यांनी अंगणात लोखंडी स्टँड करून घ्यावा. आमच्या भागात उसाच्या ट्रॉल्या जोडणारे वेल्डर आहेत. किती ओझ्याला किती जाड लोखंड लागते आणि जोड कुठे सुटतो, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळते. स्टँडचा पाया रुंद असावा आणि त्यावर वजन ठेवावे, नाहीतर बॅगेबरोबर स्टँडही नाचतो. कडुलिंबाची जाड, जिवंत फांदीही चालते, फक्त पावसात बॅग घरात घ्यावी.

भिंतीला ब्रॅकेट लावायचे असेल तर ९ इंची विटांची पक्की भिंत आणि आरपार बोल्ट पाहिजेत. आतल्या ४ इंची भिंतीला ब्रॅकेट लावू नये.

कडी आणि साखळी यांमध्ये फिरकी असावी, म्हणजे बॅग फिरली तरी साखळीला पीळ पडत नाही. उघड्या तोंडाचा एस आकाराचा हुक वापरू नये. झटक्यात तो उडून निघतो. पिन असलेली बंद कडी घ्यावी. बॅगेच्या चारी बाजूंना हात-पाय पूर्ण पसरतील एवढी जागा हवी. खाली खाट नको, पाळणा नको, आणि सराव चालू असताना लहान मूल त्या खोलीत नको.

बॅग लावण्याआधी एक परीक्षा करावी. सिमेंटच्या ५० किलोच्या दोन गोण्या कडीला रात्रभर टांगाव्यात, जमिनीपासून फक्त वीतभर उंच, म्हणजे पडल्या तरी नुकसान नाही. सकाळी भेग दिसली, कडी सरकली किंवा माती गळाली तर ती जागा रद्द. परीक्षेत पास झाली म्हणजे कायमची चिंता मिटली असे मात्र नाही, कारण गोण्या ठोसे खात नाहीत. दर महिन्याला खुर्चीवर चढून कडी, बोल्ट आणि साखळीची झीज पाहिलीच पाहिजे.

तालमीत हे सर्व सांगावे लागत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला. त्याचा एक प्रकार टांगता मल्लखांब. तो साखळीला टांगलेला असतो आणि त्यावर मुले कसरत करतात. तेथे कडी आणि साखळी पाहणे हे वस्तादाचे काम असते. घरात वस्ताद नसतो. मग त्याची जागा कोण घेणार?

कायदा काय म्हणतो

माझे म्हणणे असे की ती जागा विकणाऱ्याने घ्यावी. येथे काही व्यापारी मित्र म्हणतात, "आपण माल विकतो. घरी नेऊन त्याचे काय करायचे तो गिऱ्हाइकाचा प्रश्न." हा विचार जुना झाला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू आहे. त्यात उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तूत दोष असेल तर उत्पादक जबाबदार आहेच, पण वस्तू नीट कशी वापरावी याच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत आणि चुकीच्या वापराचा धोका सांगितला नाही, तरीही तो जबाबदार ठरू शकतो. सेवा देणारा आणि विक्रेता यांचीही जबाबदारी त्या कायद्यात वेगवेगळी सांगितली आहे. म्हणजे आपण बॅग शिवून आपल्या नावाने विकली तर आपण उत्पादक झालो, आणि "पंख्याच्या हुकाला लावू नका" हे चार शब्द न लिहिण्याची किंमत आपल्याला मोजावी लागू शकते.

पण मी कायद्याच्या भीतीने हे लिहीत नाही. भाच्याला मी कतरण फुकट दिली होती. पावती नव्हती, नफा नव्हता, कायदा माझ्या दारात आलाही नसता. तरीही त्या खाटेची फाटलेली नवार पाहून मला जे वाटले त्याला कोणत्याही कलमाची गरज नव्हती.

धंदा कोणाचा

दुसरा आक्षेप पैशाचा. गिऱ्हाईक बॅगेचे पैसे देते, कडीचे देत नाही. ही तक्रार खरी आहे, पण दोष आपला आहे. आपण कडीला वस्तूच मानत नाही, तिची किंमत वेगळी सांगतो, आणि वेगळी सांगितलेली किंमत गिऱ्हाइकाला जादा वाटते. कोट शिवणारा शिंपी अस्तराचे पैसे वेगळे मागतो काय? एकच भाव सांगावा, बॅग भरून, टांगून, परीक्षा करून. ज्याला नुसती बॅग हवी त्यालाही द्यावी, पण सूचनेचा कागद आणि प्रश्न विचारल्याशिवाय नाही.

यात तालुक्याच्या व्यापाऱ्याचा फायदा आहे, तो नीट समजून घ्यावा. बाहेरून घरपोच येणाऱ्या मालाशी आपण कपड्याच्या भावात टिकत नाही, हे आता प्रत्येक कापडवाल्याला ठाऊक आहे. पण ३५ किलोची भरण कुरिअरने येत नाही. माळवदाची तुळई मोबाइलवरून तपासता येत नाही. स्लॅबला कान लावून पोकळ आवाज ऐकणारा मिस्त्री पाकिटात येत नाही. म्हणजे बाहेरचा व्यापार जेथे थांबतो तेथूनच आपला सुरू होतो. रिकामी बॅग त्यांनी विकली तरी भरणे आणि टांगणे आपल्याच गावात होणार आहे.

चार जणांनी मिळून हे काम करता येईल. कापडवाला कॅनव्हास आणि कतरण देईल, सीट-कव्हरवाला शिवेल, वेल्डर प्लेट आणि स्टँड करील, मिस्त्री जागा पाहून बसवील. हिशेब पहिल्या दिवशीच कागदावर ठरवावा, नाहीतर भागीदारी कडीच्या आधी तुटते. पावती एकाच्या नावाने फाडावी, म्हणजे तक्रार घेऊन गिऱ्हाइकाला चार दारे फिरावी लागणार नाहीत. बॅगेला एक कापडी पट्टी शिवावी. तिच्यावर मराठीत वजन, भरणीचा प्रकार, कुठे टांगू नये आणि महिन्याला काय पाहावे हे छापावे. ज्या घरी उर्दू वाचली जाते तेथे उर्दूतही असावे. घरातल्या आईला जी भाषा वाचता येते त्या भाषेत सूचना पाहिजे, कारण कडीखालून दिवसभर तीच ये-जा करते.

हा मोठा धंदा होईल असे मी म्हणत नाही. महिन्याला चार बॅगा गेल्या तरी पुष्कळ. पण लग्नसराई आणि सणांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत चार घरांची चूल त्यावर थोडी पेटेल आणि आजवर मातीमोल जाणारी कतरण कामी येईल. यापुढे आणखी एक गोष्ट होईल. मिस्त्रीने एखाद्या घरी जाऊन "येथे बॅग टांगता येणार नाही" असे सांगितले, तर त्या दिवशी विक्री बुडेल. ती बुडू द्यावी. त्या घरातले लोक पुढच्या वेळी चादर घ्यायला आपल्याच दुकानात येतील.

भाच्याची बॅग आता अंगणात आहे. ट्रॉली जोडणाऱ्या वेल्डरने स्टँड करून दिला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, "वजन किती आणि हलणार किती?" मी ३५ वर्षे गल्ल्यावर बसलो, मला तो प्रश्न सुचला नाही. खोलीतला स्लॅब दुरुस्त केला, पंखा परत लागला, आणि लहान भाचीची खाट मी नव्या नवारीने विणून दिली.

दुकानात पावती-पुस्तकावर मी आता एक रबरी शिक्का करून घेतला आहे. कतरण मागायला कोणी आले की तो उमटवतो आणि उत्तर लिहून घेतल्याशिवाय काट्याला हात लावत नाही. शिक्क्यावर तीनच शब्द आहेत : बॅग कुठे टांगणार?